आवाजाचे श्रमदान
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि वधूवरसूचक मंडळ हे विषय जणू ठरलेलेच असतात. ते महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु त्यांवर आमच्याहून अधिकारी वक्त्यांची भाषणे आपण सकाळपासून ऐकलीच आहेत. आमच्या वाट्याला चिटणिसांनी निराळा विषय दिला आहे. मुलांसाठी लिहिलेल्या जुन्या साहसकथा मोठ्याने वाचून त्यांचे ध्वनिमुद्रण करण्याचा एक उपक्रम जगभर चालतो. त्यात गेली काही वर्षे आम्हीही फावल्या वेळात चार प्रकरणे वाचून देत असतो. त्या उपक्रमाची माहिती सांगावी आणि त्यापासून आपल्याला काय घेण्याजोगे आहे याचा विचार करावा, एवढाच आमचा हेतू आहे.

उपक्रमाचे नाव लिब्रिव्हॉक्स. कॅनडातील माँट्रियल शहरी राहणारे ह्यू मॅग्वायर या गृहस्थांनी ऑगस्ट 2005 मध्ये त्याचा प्रारंभ केला. जोसेफ कॉनरॅड यांची ‘द सीक्रेट एजंट’ ही कादंबरी त्यांनी निवडली, ओळखीपाळखीच्या आणि अनोळखी मंडळींना एकेक प्रकरण वाचण्याची विनंती केली, आणि सर्वांची प्रकरणे जोडून पुस्तक इंटरनेटवर विनामूल्य ठेवले. भांडवल नाही, इमारत नाही, पगारी नोकर नाही. आज त्या भांडारातील ध्वनिपुस्तके वीस हजारांच्या घरात आहेत, आणि त्यांपैकी एकाही वाचकाने आपल्या वाचनाचा मोबदला घेतलेला नाही. आपल्याकडे गावकऱ्यांनी कुदळ-फावडे घेऊन रस्ता बांधला की त्यास आपण श्रमदान म्हणतो. हे आवाजाचे श्रमदान होय.

येथे एक शंका सहज येईल की, दुसऱ्याचे पुस्तक असे वाचून वाटण्याचा अधिकार यांना कोणी दिला? उत्तर असे की, स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तकेच येथे घेतात. अशी पुस्तके कोणा एकाची राहत नाहीत. ती गावच्या पाणवठ्यासारखी सर्वांची होतात. लिब्रिव्हॉक्स अमेरिकेचा कायदा प्रमाण मानते. तेथे जुन्या प्रकाशित ग्रंथांची मुदत प्रकाशनापासून 95 वर्षांची आहे. आपल्या देशात 1957 च्या कायद्याने ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षे होती. ती 1992 च्या दुरुस्तीने 60 वर्षे झाली. मूळ मजकूर बहुधा प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संग्रहातून घेतात. तो संग्रहही मायकेल हार्ट या अमेरिकन गृहस्थांनी 1971 मध्ये याच वृत्तीने सुरू केला होता.

आता कामाची रीत सांगतो. प्रत्येक पुस्तकास एक संयोजक असतो. तो प्रकरणांची यादी लावतो. ज्यास जे प्रकरण हवे ते त्याने मागून घ्यावयाचे. नव्या वाचकाने आरंभी मिनिटाभराचा नमुना पाठवावयाचा. त्यात त्याच्या वाचनाची परीक्षा नसते. ध्वनी स्वच्छ आहे की नाही एवढेच पाहतात. साधन म्हणाल तर एक साधा मायक्रोफोन, एक संगणक आणि ध्वनीची काटछाट करण्याची फुकट मिळणारी आज्ञावली. पंखा बंद करावा, खिडकी लावावी, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपण्याची वाट पाहावी आणि वाचावयास बसावे. पंधरा मिनिटांच्या मजकुरास सगळे मिळून तास-दीड तास सहज लागतो. कारण जीभ अडखळते, ओळ गळते, दारावरची घंटा वाजते. ते सर्व मागाहून काढावे लागते.

यापुढे जो येतो तो आमच्या मते या सर्व कामाचा कणा होय. त्यास प्रूफ-ऐकणारा म्हणावे. मुद्रणालयात जसा मुद्रितशोधक असतो तसा हा. पुस्तक समोर ठेवून तो प्रत्येक शब्द ऐकतो. कोठे वाक्य सुटले, कोठे तेच दोनदा आले, कोठे आवाज फार लहान झाला, ते टिपून वाचकास कळवितो. मात्र ‘आपले वाचन रुक्ष आहे’ किंवा ‘आपला उच्चार निराळा आहे’ असे त्याने म्हणावयाचे नाही, असा तेथील दंडक आहे. स्कॉटलंडचा मनुष्य त्याच्या धाटणीने वाचील, अमेरिकेचा त्याच्या, आणि पुण्या-मुंबईचा आपल्या. वाचन करणाऱ्याने मजकुराशी प्रामाणिक असावे. नटाइतके निपुण असलेच पाहिजे असे नाही. या एका नियमामुळे हजारो संकोची माणसांना तोंड उघडण्याचे धैर्य आले.

मुलांच्या साहसकथांना या भांडारात मोठे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कथेचा जन्मच मुळी मोठ्याने वाचण्यात झाला. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन 1881 च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे राहत होते. बाहेर पाऊस, प्रकृती क्षीण, आणि घरात बारातेरा वर्षांचा सावत्र मुलगा. त्याच्या करमणुकीच्या निमित्ताने त्यांनी एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगविला आणि त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ उपजले. रोज एक प्रकरण लिहावयाचे आणि ते घरच्या मंडळींना वाचून दाखवावयाचे, असा क्रम पडला. लेखकाचे वृद्ध वडील, जे व्यवसायाने दीपगृहे बांधणारे अभियंते, तेही मुलाइतकेच रंगून ऐकू लागले. कथेतील जुन्या खलाशाच्या पेटीत काय काय निघावे याची यादी त्यांनीच करून दिली. पुढे ही कथा ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात टोपणनावाने क्रमशः आली आणि 1883 मध्ये पुस्तक झाले. तेव्हा एखादा स्वयंसेवक त्यातील 34 प्रकरणांपैकी एक वाचावयास घेतो, तो त्या कथेस तिच्या माहेरीच नेऊन पोचवितो, असे म्हटले तर वावगे होणार नाही. स्टीव्हन्सन यांचे अखेरचे दिवस सामोआ बेटावर गेले. तेथील लोक त्यांना ‘तुसिताला’ म्हणजे कथेकरी म्हणत. 

डोळ्यांनी वाचताना आपण जे ओलांडून जातो ते तोंडाने वाचताना ओलांडता येत नाही, हा या कामातील खरा धडा आहे. इंग्रजी साहसकथा खलाशांच्या शब्दांनी भरलेल्या असतात आणि ते शब्द लिहितात एक, उच्चारतात दुसरेच. ‘बोटस्वेन’ असे लिहिलेल्या अधिकाऱ्यास ‘बोसन’ म्हणतात, ‘फोरकॅसल’चा ‘फोक्सल’ होतो, ‘गनवेल’चा ‘गनल’. वाचणाऱ्याने कोश पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. आपल्या कोळी बांधवांच्या ‘तांडेल’, ‘नाखवा’, ‘डोलकाठी’, ‘नाळ’ या शब्दांची चव न कळणाऱ्याने दर्यावर्दी कथा वाचली तर ती जशी अळणी होईल, तसेच हे. चाचे मध्येच गाणे म्हणतात. ते गावे की नुसते म्हणावे? पोपट किंचाळतो, आपणही किंचाळावे काय? चाळीत राहणाऱ्याने रात्री अकरा वाजता हा प्रश्न विचारपूर्वक सोडवावा, एवढेच आम्ही सुचवितो.

कधी कधी दूरच्या श्रोत्याचे किंवा वाचकाचे ज्ञान लेखकाहून सरस ठरते. बॅलंटाइन यांचे ‘द कोरल आयलंड’ 1858 चे. तीन मुले एका प्रवाळबेटावर अडकतात आणि नारळाच्या पाण्यावर तहान भागवितात. लेखकाने असे बेट स्वतः पाहिलेले नव्हते. इंग्लंडच्या बाजारात नारळ सोललेला येई. झाडावरही तो तसाच लागतो अशा समजुतीने त्यांनी प्रसंग लिहिला. कोयत्यावाचून आणि सोलल्यावाचून नारळाचे पाणी मिळत नाही, हे कोकणातील पाच वर्षांचे पोरही सांगेल. पुढे बॅलंटाइन यांना आपली चूक कळली आणि जे लिहावयाचे ते आधी प्रत्यक्ष पाहावयाचे असा त्यांनी निश्चय केला. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने मात्र ती चूक आहे तशीच वाचली पाहिजे.

आणि येथेच अवघड प्रश्नास आपण येऊन पोचतो. नारळाची चूक हसण्यावारी नेता येते. माणसांविषयीची चूक तशी नेता येत नाही. या कथा साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात लिहिल्या गेल्या. त्यांतील गोरा मुलगा शूर, सत्यवचनी आणि बेटावरचा काळा मनुष्य बहुधा रानटी किंवा फार तर इमानी नोकर. काही शब्द असे की ते आज सभ्य मनुष्य उच्चारणार नाही. अशा ठिकाणी वाचणाऱ्याने काय करावे? लिब्रिव्हॉक्सचा नियम स्पष्ट आहे: मजकूर बदलावयाचा नाही. ज्यास तो उच्चारवत नसेल त्याने दुसरे प्रकरण किंवा दुसरे पुस्तक घ्यावे. आमचे मत या नियमास अनुकूल आहे. भूतकाळाने आपल्याला काय म्हटले हे कळल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. मात्र मुलांना हे पुस्तक लावून देऊन आपण उठून जाऊ नये. शेजारी बसावे, त्या जागी यंत्र थांबवावे आणि ‘हे असे का लिहिले असेल?’ असे विचारावे. तो प्रश्न पुस्तकाइतकाच मोलाचा आहे.

मजकूर बदलल्याने काय अनर्थ होतो याचे एक उदाहरण आपल्या देशाशी निगडित आहे. ज्यूल व्हर्न यांची ‘नॉटिलस’ पाणबुडी आणि तिचा गूढ कप्तान नेमो आपणां सर्वांस ठाऊक आहे. हा नेमो कोण, याचा उलगडा लेखकाने 1874-75 मध्ये आलेल्या ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये केला. तो बुंदेलखंडच्या राजाचा पुत्र, राजपुत्र डक्कार. 1857 च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढलेला आणि त्यात सर्वस्व गमावलेला. फ्रेंच लेखकाने भारतीय माणसास एवढा मोठा नायक केला! परंतु 1875 मध्ये किंग्स्टन यांच्या नावाने जे इंग्रजी भाषांतर निघाले त्यात नेमोच्या तोंडची इंग्रजी राज्याविरुद्धची वाक्ये बदलून टाकली होती. ते भाषांतर वस्तुतः त्यांच्या पत्नीने केले असे अभ्यासक मानतात. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’चेही तेच झाले; मर्सियर यांच्या जुन्या भाषांतरात मूळ ग्रंथाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक गाळलेला आहे. आता गंमत पाहा. मुदत संपलेली म्हणून अशीच जुनी भाषांतरे सर्वांत सहज हाती येतात. स्वयंसेवकाने न पाहता ती उचलली, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या कातरीचा घाव आजच्या मुलाच्या कानापर्यंत पोचतो. किंग्स्टनच्या पुढच्याच वर्षी, 1876 मध्ये, स्टीफन व्हाइट यांनी केलेले अधिक पूर्ण भाषांतर फिलाडेल्फिया येथे निघाले होते. म्हणून वाचनास बसण्यापूर्वी ‘आपण कोणती प्रत वाचतो आहोत?’ हे विचारणे हे वाचकाचे पहिले कर्तव्य होय.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आज यंत्रच पुस्तक वाचून दाखविते. खरे आहे. 2023 मध्ये प्रोजेक्ट गुटेनबर्गने एका मोठ्या कंपनीच्या साहाय्याने सुमारे 5000 पुस्तके कृत्रिम आवाजात करून विनामूल्य दिली. लिब्रिव्हॉक्स मात्र माणसाचाच आवाज घेते. यात आणखी एक योग आहे. यंत्रांना मनुष्यवाणी ओळखण्यास शिकविण्यासाठी 2015 मध्ये संशोधकांनी सुमारे एक हजार तासांचा जो प्रसिद्ध ध्वनिसंग्रह तयार केला, तो याच स्वयंसेवकांच्या वाचनातून घेतलेला होता. दान केलेल्या आवाजावर कोणाचाच हक्क नसल्यामुळे त्यास अटकावही नव्हता. ज्यांनी हौसेने चाच्यांच्या गोष्टी वाचल्या, त्यांनी नकळत यंत्रांची शाळा चालविली! आम्ही यंत्राचा द्वेष करीत नाही. अंध बंधूस एखादे पुस्तक आजच हवे असेल तर यंत्राचा आवाज हा उपकारच आहे. परंतु यंत्रास वाचताना हसू येत नाही आणि त्याचा कंठही दाटत नाही. ‘कोणीतरी माझ्यासाठी बसून हे वाचले’ ही जाणीव ऐकणाऱ्या मुलास होते, ती यंत्राकडून होत नाही.

ही जाणीव आपल्या समाजास नवी नाही. चातुर्मासात ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ यांची पोथी लागे. वाचणारा एक आणि ऐकणारे घरचे, शेजारचे, दारावरून जाणारे. अक्षर न ओळखणाऱ्या आजीस पांडवांचा वनवास तोंडपाठ असे, तो कानांनीच मिळविलेला होता. आज चित्र उलटे झाले आहे. आजीस वाचता येते. नातवास येत नाही. आपल्यापैकी पुष्कळांची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, काहींची अमेरिकेत व आखातात वाढतात. त्यांना मराठी ऐकून उत्तम कळते, परंतु देवनागरीची एक पानभर गोष्ट त्यांना दमवून टाकते. गोष्टीचा वेग त्यांच्या वाचनाच्या वेगात मावत नाही, आणि ती पुस्तक मिटतात. त्यांना मराठी आवडत नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. दार उघडे आहे, पण ते कानाचे आहे. त्या दारावर आपण कधी थाप मारली काय?

आपल्या भाषेत साहसकथांचा तुटवडा नाही. हरिभाऊ आपटे 1919 मध्ये आणि नाथमाधव 1928 मध्ये निवर्तले. ‘गड आला पण सिंह गेला’, ‘वीरधवल’ ही त्यांची पुस्तके आज कोणाच्याही परवानगीवाचून वाचून मुद्रित करता येतात. सिंहगडावरून पडून ज्यांचे पाय कायमचे गेले, त्या नाथमाधवांनी घोडदौडीच्या आणि भुयारांच्या कथा लिहिल्या. इकडे हे आणि तिकडे रुग्णशय्येवरचे स्टीव्हन्सन, दोघांची जात एकच म्हणावी लागेल. मात्र एक सावधगिरी हवी. व्हर्नच्या कथा मराठीत आणून दोन पिढ्यांना वेड लावणारे आणि फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत 2001 मध्ये दिवंगत झाले. त्यांच्या लेखनावरील हक्क 2061 अखेरपर्यंत राहील. ते वाचून प्रसृत करावयाचे तर हक्कदारांची लेखी अनुमती घेतली पाहिजे. अंध व अपंग वाचकांसाठी मात्र 2012 च्या दुरुस्तीने कायद्यात सवलत ठेविली आहे, आणि दृष्टिहीनांसाठी झालेल्या 2013 च्या मराकेश करारास मान्यता देणारे पहिले राष्ट्र आपला भारतच होय, हे अभिमानाने सांगावेसे वाटते.

तेव्हा आमची सूचना थोडक्यात अशी आहे. आपल्या पुष्कळ घरांच्या माळ्यावर जुन्या कादंबऱ्यांच्या जीर्ण प्रती पडून आहेत. त्या वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी खाली काढाव्यात आणि त्यांची यादी चिटणिसांकडे द्यावी. मुदत संपलेली एक साहसकथा या वर्षासाठी निवडावी. तीस प्रकरणे असतील तर तीस घरे पुरे आहेत. वडीलधाऱ्यांनी वाचावे, मोबाइल आणि संगणक सांभाळण्याचे काम घरातील तरुणांकडे द्यावे. वऱ्हाडच्या मावशींनी वऱ्हाडी वळणाने वाचावे, मालवणच्या काकांनी मालवणी हेलाने. कोणी कोणाच्या उच्चारास नाव ठेवू नये. प्रत्येक प्रकरण दुसऱ्या घराने पुस्तक समोर ठेवून ऐकावे आणि गळलेली ओळ निःसंकोच दाखवावी. ज्यांची दृष्टी मंदावली आहे पण स्मरण शाबूत आहे, अशा वृद्धांनी जुन्या शब्दांचे अर्थ व उच्चार सांगावेत. तयार झालेले पुस्तक केवळ आपल्या ज्ञातीपुरते न ठेवता सर्वांसाठी खुले करावे. लिब्रिव्हॉक्समध्ये इंग्रजीखेरीज अनेक भाषांतील पुस्तके घेतात. मराठी जाणणारा संयोजक आणि मराठी जाणणारा प्रूफ-ऐकणारा आपण पुढे केला, तर तेथेही आपल्या पुस्तकास जागा मिळेल.

या कामास देणगीचा आकडा जाहीर करावा लागत नाही आणि कोनशिलाही बसवावी लागत नाही. निधीस रक्कम देणे ज्यास परवडत नाही, त्यासही आवाज देता येतो. आणि ज्याने मोठी रक्कम दिली त्यासही एक प्रकरण वाचावयास तासभर बसावेच लागते. या अर्थाने हे दान सर्वांस सारखे आहे. माणूस जातो, त्याचे छायाचित्र भिंतीवर राहते. परंतु आजोबांच्या आवाजात तानाजी कडा चढतो आहे असे पणतूने ऐकावे, हे भाग्य पूर्वी कोणत्याही पिढीस नव्हते. ते आपल्या हाती आले आहे, तर हातचे जाऊ देऊ नये.

पहिले प्रकरण वाचून देण्याची जबाबदारी आम्ही आजच पत्करतो. दुसऱ्या प्रकरणासाठी नाव देणाऱ्यांनी भोजनोत्तर चिटणिसांची गाठ घ्यावी, अशी विनंती करून आपली रजा घेतो.